मुलीच्या घरचं पाणी

फ्रीगंज, उज्जैन
२ जून १९५७

सुहास,

आशीर्वाद आहेतच, ते काही रागालोभावर अवलंबून नसतात. खुशाली विचारायची की नाही, ते मात्र मी अजून ठरवलेलं नाही.

बाळंतिणीचा सव्वा महिनाही पुरा होऊ दिला नाहीस. उचललंस आणि नेलंस तिला भोपाळला. सरकारने राजधानी केली म्हणून काही तुझ्या त्या एका खोलीवरचा पत्रा गार व्हायचा नाही. दिवाळीपर्यंत कुसुम आणि बाळ इथे राहणार असं आपलं ठरलं होतं. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण मी अंगावर घेतलं. रोज अंग रगडायला बाई लावली, शेक-शेगडी केली, डिंकाचे लाडू वळले. ते सगळं एका दिवसात वाहून गेलं. कशावरून? तर पाणी सांडलं यावरून.

बारशाच्या दिवशी काय झालं ते तू तुझ्या सासऱ्यांच्या बाजूने पाहिलंस. आता माझ्या बाजूने ऐक. तुमच्या लग्नानंतर हे मालवी व्याही इथे आले तेव्हा आपल्याकडे जेवले नाहीत, पाणीही प्यायले नाहीत. मी एका शब्दाने काही बोलले का? आपल्यातही नातवंड होईपर्यंत बाप लेकीकडे जेवत नाही. माझे वडील वाईहून यायचे ते तुझा जन्म होईपर्यंत स्टेशनवर उतरून परस्पर धर्मशाळेत जायचे. तू झालास आणि मग पहिल्यांदा माझ्या हातचं जेवले. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला, ते मला अजून दिसतं.

तेच मनात धरून मी बारशाला पुरण घातलं होतं. नवा पाट आणला. चांदीचं फुलपात्र घासूनपुसून ठेवलं. म्हटलं, आता नातू झाला, आता माणिकलालजी आपल्या घरचे झाले. आणि ते तराण्याहून भर वैशाखाच्या उन्हात आले, घामाने निथळत ओसरीवर बसले, मी पाणी पुढे केलं, तर हात जोडून म्हणाले, "रहने दीजिए, समधनजी." आपल्या मराठी समाजाच्या सगळ्या बायका तिथे बसलेल्या. विजयाबाईंनी मंगलाबाईंकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

वर तुझ्या त्या मित्राने, रमेशने, येऊन सांगितलं की देवास गेटला पाणपोईवर, त्या प्याऊवर, तुझे सासरे घटाघटा पाणी पीत होते. प्याऊवर कोण भरतो, कोणाच्या हातचं असतं, कोणी विचारतो का? ते चाललं. माझं चाललं नाही. आता तूच सांग याचा अर्थ काय होतो.

आधीच वर्षभर समाजात एकच चर्चा, की प्रांत भाषांवर वाटले गेले आणि आपण राहिलो हिंदी मुलखात, आता आपल्याला कोण विचारतो. त्यात हे माझ्याच ओसरीवर.

तुझे अण्णा म्हणतात जाऊ दे. त्यांना सगळंच जाऊ दे असतं, रेल्वेत गाड्या सोडण्यातच जन्म गेला. मी म्हणते, व्याह्यांनी दोन ओळी लिहाव्यात, की आमच्याकडून अवमान झाला. मग मीही विसरेन. गणपतीला तुम्ही तिघं या.

आई


१९ जून

सुहास,

तुझं पत्र मिळालं. इतकं लहान पत्र तू शाळेत असतानासुद्धा लिहीत नव्हतास. "पाणी सांडलं नाही, तू ओतलंस." बरं. ओतलं. फुलपात्र त्यांच्या पायांशी पालथं केलं. झालं समाधान?

आणि जे बोलले तेही लिहून टाकते, म्हणजे तुला दुसरं कार्ड खर्चावं लागायला नको. मी म्हणाले, "आमचं पाणी विटाळतं, आणि मुलगी द्यायला घर चाललं?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बायकांपैकी कोणीतरी हसलं. मला त्या वेळी ते बरं वाटलं, हेही खरं.

पण आता जे लिहिणार आहे ते या आठवड्यात घडलंय. आपल्या शेजारच्या घरात शुक्ल म्हणून नवे बिऱ्हाडकरू आलेत. मालव्यातलेच. परवा दुपारी दार वाजलं. उघडून पाहते तर पागोटंवाला म्हातारा, हातात काठी. म्हणाला, "बई, थोड़ो पाणी पिलई दो. बेटी का घरे आयो हूँ." मला आधी कळेना. घर शेजारी, मुलगी घरात, माठ भरलेला, आणि हा माझ्या दारात पाणी मागतोय. मी विचारलं, मुलीशी भांडलात का बाबा? तो हसला. म्हणाला, भांडण कसलं, लेक एकदा दिली ती दिली, तिच्या घरचं परत घ्यायचं नसतं, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी म्हटलं, नातवंडं झाली तरी? म्हणाला, मोठा नातू कॉलेजात जातो, पाच-सहा वर्षांत पणतू होईल, तरी नाही.

मी पाणी दिलं. तो उकिडवा बसून ओंजळीने प्यायला, ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि मला आशीर्वाद देऊन गेला. मी दार लावून तिथेच बसले.

म्हणजे माणिकलालजींना माझं पाणी हलकं नव्हतं. उलट. प्याऊ कोणाच्या लेकीचा नसतो, म्हणून तिथलं चाललं. हे मला आता कळलं.

इतकी वर्षं उज्जैनीत काढली आणि हे कळायला शेजारी म्हातारा यावा लागला, याची लाज वाटते. आपण राहिलो आपल्यातच. किराणा जोशांकडचा, गाणं समाजातलं, हळदीकुंकू आपल्याआपल्यात. एका मालवी घरात कधी चहाला गेले नाही. पण तरी मी म्हणेन, सुहास, कोणी आधी एक शब्द सांगितला असता तर हे झालं नसतं. मला काय स्वप्न पडणार होतं? कुसुम तोंड मिटून असते, तू भोपाळला, आणि व्याही फक्त हात जोडतात.

तेव्हा चूक झाली ती झाली, पण ती सगळी माझ्या एकटीच्या पदरात घालू नका. बाळाचं वजन वाढतंय का? टाळू भरताना तेल कोमट घ्यायला सांग.

आई


१६ जुलै

सुहास,

ऐकशील तर गार पडशील. मी आणि अण्णा काल तराण्याला जाऊन आलो.

न कळवता गेलो. कळवलं असतं तर त्यांनी गावभर तयारी केली असती. देवास गेटला मोटार धरली, पुढे बैलगाडी, चिखलात चाकं रुतली तेव्हा अण्णा उतरून ढकलत होते आणि मी गाडीत बसून त्यांना सूचना देत होते. तुझे सासरे ओट्यावर गुरांचं दावं वळत बसले होते. आम्हाला पाहून दावं तसंच टाकून उठले आणि आधी आत पळाले. मला वाटलं, तोंड चुकवतात. ते सदरा घालायला गेले होते.

काय सरबराई केली म्हणून सांगू. स्वतः पाय धुवायला पाणी आणलं. घरात बाईमाणूस नाही, तरी शेजारणींनी येऊन चुलीवर बाफले, त्यांच्याकडचे ते कणकेचे गोळे, टाकले. मला पाटावर बसवलं आणि ते उभे राहिले, बसेनातच. मुलीचा बाप वरमाईसमोर बसत नाही म्हणे. मी पाणी मागितलं. दिलं. मी ते सगळं प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "समधीजी, बारशाच्या दिवशी मी..."

पुढचा शब्द काढू दिला नाही. दोन्ही हात कानांना लावले. म्हणाले, "मुझ पर पाप मत चढ़ाइए. बेटी का बाप हूँ. चूक तो म्हारी थी, म्हने पहले समझाणो थो." मी परत सुरू केलं, तर वाकून माझ्या पायांना हात लावायला निघाले. वयाने माझ्याहून मोठे, सुहास. अण्णांनी त्यांना धरून वर घेतलं.

तेव्हा आता मिटलं असं समज. मी गेले, त्यांनीही आपली बाजू कबूल केली, की आधी सांगायला हवं होतं. मी तेच म्हणत होते. दोघांकडून थोडं थोडं चुकलं, आणि थोरामोठ्यांत असंच मिटतं. येताना त्यांनी गुळाची ढेप आणि बाळाला भैरवगढच्या छापाचं दुलई-कापड दिलंय, इथे ठेवलंय. गणपतीला या तेव्हा न्या. कुसुमला माझ्याकडून हे सगळं वाचून दाखव, म्हणजे तिच्या मनातलं किल्मिष जाईल.

मला फार हलकं वाटतंय. अण्णा मात्र वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्यांची कंबर भरली असेल.

आई


२८ जुलै

कुसुम,

तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, कारण तूही मला पहिल्यांदाच लिहिलंस. मराठीत लिहिलंस, अक्षर चांगलं आहे. एवढंच चांगलं आहे.

"आई, मी एक दिवस आधी तुम्हाला बोलली होती. रसोईत. मग बाबूजींची चूक कशी?"

मला असं काही आठवत नाही. आदल्या दिवशी मी पुरण वाटत होते, पाट्याचा आवाज होता, दारात बाळंतिणीची बाई ओरडत होती. तू बोलली असशील तर पुटपुटली असशील. तुझा आवाज कधी उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि मग ऐकलं नाही म्हणून दोष माझा. एवढ्या चिखलातून मी तुझ्या वडिलांच्या दारी गेले, त्याचं तुला काही नाही.

जास्त लिहीत नाही. बाळाला जप.

तुझी सासू


१० ऑगस्ट

कुसुम,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पाट्याचा आवाज नव्हता. पुरण वाटून झालं होतं आणि मी ते डब्यात भरत होते. तू दाराशी उभी होतीस, सोवळं होतं म्हणून आत आली नाहीस. तू म्हणालीस, "आई, बाबूजी पाणी पण घेणार नाहीत. तुम्ही आग्रह करू नका, त्यांना वाईट वाटेल." पुटपुटली नाहीस. स्पष्ट म्हणालीस. आणि मी म्हणाले, "माझ्या आग्रहापुढे कोणाचं चाललंय?"

हे मी कधीच विसरले नव्हते. सुहासला पहिलं पत्र लिहिताना आठवत होतं. "कोणी आधी सांगितलं असतं तर" असं दुसऱ्या पत्रात लिहिताना पेन थांबलं होतं, तरी लिहिलं. मला रीत माहीत नव्हती असं नाही. मला ती रीत मोडून दाखवायची होती. आमच्यात पाहुण्याने नको म्हटलं की वाढणारीने हात आखडायचा नसतो, आणि नको म्हणणाऱ्याला जेवायला लावलं की चार बायका म्हणतात, काय बाई हिचा आग्रह. ते मला ऐकायचं होतं. तुझ्या वडिलांची रीत त्याच्या आड आली, म्हणून मी पाणी त्यांच्या पायांशी ओतलं.

तुझं पत्र अण्णांनी वाचलं होतं. माझं उत्तर टपालात पडल्यावर ते म्हणाले, "तराण्याला तू माफी मागायला गेली नव्हतीस. घ्यायला गेली होतीस." लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्यांनी असं कधी ऐकवलं नव्हतं. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मग कळलं की बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मुलीचा बाप माझ्यासमोर दुसरं काय म्हणणार होता? मी वरमाई. मी त्यांच्या घरात आग लावली असती तरी ते म्हणाले असते की छप्पर आमचंच वाळकं होतं. त्यांनी स्वतःकडे चूक घेतली आणि मी ती गुळाच्या ढेपेबरोबर घरी घेऊन आले. तुमच्यापुढे मिरवलीसुद्धा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं चाललं होतं.

काल श्रावणातला शुक्रवार होता. जिवतीची पूजा केली, सुहाससाठी आणि तुझ्या बाळासाठी. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. बारशाला होत्या त्या सगळ्यांना मी मुद्दाम घरोघर जाऊन बोलावलं होतं. फुटाणे आणि दूध देऊन झालं, सगळ्या उठायच्या बेतात होत्या, तेव्हा मी त्यांना बसवलं. ओसरीवरच, त्याच जागी.

मला वाटलं होतं मी नीट बोलेन. तसं काही झालं नाही. मी एवढं म्हणाले की त्या दिवशी आमच्या व्याह्यांनी माझं पाणी हलकं समजून नाकारलं नव्हतं. मुलीच्या घरचं घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. मी त्यांचा तुमच्यादेखत अपमान केला, म्हणून तुमच्यादेखत सांगते की मी चुकले.

मंगलाबाई लगेच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला काय माहीत त्यांच्या रीती. अजाणता झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुसुम, त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ राहिली असती आणि माफीही झाली असती, दोन्ही. मी तोंड उघडायला जो वेळ घेतला तेवढ्यात विजयाबाई चपला शोधायला लागल्या होत्या.

मी म्हणाले, "अजाणता नाही. सुनेने आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला माहीत होतं."

त्यानंतर बायका एकेक करून उठल्या. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. विजयाबाईंनी जाताना कुंकू लावलं नाही, विसरल्या असतील किंवा नसतीलही. मला हलकं वाटलं नाही. तराण्याहून येताना वाटलं होतं तसं अजिबात नाही. रात्री जेवण गेलं नाही. आता सगळ्या समाजात होईल, ते होऊ दे.

अजून एक आहे. तू त्या वेळी आतल्या खोलीत पाळण्यापाशी होतीस, म्हणून तुला ठाऊक नाही. सुहासनेही सांगितलं नसेल, तो तोवर टांगा बघायला बाहेर पडला होता. मी पाणी ओतल्यावर तुझे वडील लगेच उठून गेले नाहीत. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, खाली बसले आणि ती फरशी पुसली. कोपऱ्यापर्यंत पुसली. मला म्हणाले, "कुसुम बच्चे को लेकर आएगी, फिसल न जाए." मग उपरणं पिळलं, तेच खांद्यावर टाकलं आणि निघाले. मी दारात उभी होते आणि त्यांना वाट द्यायला बाजूलाही झाले नाही, ते अंग चोरून गेले.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, काल बायकांनाही नाही. ते तुझं आहे, म्हणून तुला सांगितलं.

दुलई-कापड सुहासच्या ऑफिसातला माणूस येईल त्याच्याबरोबर पाठवते. ते न्यायला तुम्ही यावं असं मागे लिहिलं होतं, तशी अट नको. गणपतीचंही मी काही म्हणत नाही. माझ्या पत्रांत शेवटी कुठेतरी "या" असायचं, आणि त्याच्या आधीचं सगळं त्यासाठीच असायचं.

तुझ्या वडिलांची माफी मला मागायची आहे, पण ते ती घेणार नाहीत. मी पुन्हा गेले तर पुन्हा कानाला हात लावतील आणि माझ्या पायांशी वाकतील, म्हणजे माझ्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा वाकावं लागेल. म्हणून ती तुझ्याकडे मागते आहे. पण तुमच्याकडे सासूने सुनेची माफी मागितलेली चालते का, की त्यानेही पाप चढतं, हे मला माहीत नाही. चालत नसेल तर तसं कळव, मी आग्रह करणार नाही. या वेळी आधी विचारते आहे.

आई